जळाऊ लाकडाची लहान गाडी : आधी ब्रेक, मग भाडे

गेल्या काही वर्षांत आमच्या वर्कशॉपच्या दारात एक नवीनच मागणी येऊ लागली आहे. पवनी, लाखांदूर, मोहाडी या भागांतून कोणी टालवाला येतो, कोणी वीटभट्टीवाला येतो, कधी शेतकरी स्वतःच येतो, आणि खिशातून मोबाईल काढून परदेशातील एक चित्र दाखवतो. चित्रात चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली बुटकी गाडी असते. तिच्या मागे ओंडक्यांनी भरलेली लहानशी ट्रॉली असते आणि पुढच्या बाजूला वायररोप गुंडाळणारे यंत्र असते. मग प्रश्न ठरलेला, "मिस्त्री, अशी गाडी बनवून देता का? पांदणीत शिरली पाहिजे, धुऱ्यावरची बाभूळ उचलून आणली पाहिजे."

मागणी खोटी नाही. ज्याने भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमधून लाकूड काढले आहे, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. बाभूळ उभी असते धुऱ्यावर, रस्ता असतो अर्धा मैल लांब, मध्ये दहा बांध्या आणि एक नाला. पूर्वी हे काम बैलबंडी करीत असे. आता गावोगावी बैल कमी झाले आणि बंडी हाकणारी माणसे तर त्याहूनही कमी झाली. मोठा ट्रॅक्टर पांदणीत वळत नाही आणि ओल्या बांधीत गेला तर धुरा फोडून बाहेर येतो. शेतकरी मग पुढच्या वर्षी लाकूड देत नाही. म्हणजे एका लहान गाडीची गरज खरोखरच आहे, आणि ती बनवण्याचे हुन्नर आपल्या वेल्डर, लोहार, मेकॅनिक बांधवांच्या हातात आहे.

तरीही आम्हाला आज थोडे कडू बोलावयाचे आहे. आमचे स्पष्ट मत आहे की, चित्रातली गाडी आपल्या कामाची नाही, आणि जी गाडी कामाची आहे ती आपल्यापैकी बरेच जण चुकीच्या पद्धतीने बनवून देत आहेत. यात आम्ही स्वतःलाही धरतो. का, ते पुढे सांगतो.

प्रथम गिऱ्हाइकाचा विचार करू. काही बंधू म्हणतात की २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलेंडर गेले, आता लाकूड कोण घेणार? घरातली चूल कमी झाली हे खरे. टालावर मोळी मागायला येणारी गिऱ्हाइके कमी झाली हेही खरे. परंतु वीटभट्टी सिलेंडरवर चालत नाही. लग्नातली देग गॅसवर शिजवणारे निघाले आहेत, पण भटाऱ्याला विचारा, तो अजूनही बाभळीचेच लाकूड मागतो. नानबाईची भट्टी, हमरस्त्यावरचे धाबे, हलवायाची कढई, स्मशानघाट, या सर्वांना लाकूड लागतेच. राईस मिलवाल्यांकडे स्वतःचा धानाचा कोंडा आहे, तेव्हा त्यांना या हिशेबात धरू नये. थोडक्यात किरकोळ धंदा आटला आणि ठोक धंदा राहिला. ठोक धंद्यात गिऱ्हाईक वजन पाहते, वेळ पाहते आणि लाकूड वाळलेले आहे की नाही ते पाहते.

आता त्या चित्रातल्या गाडीविषयी. ही गाडी मुळात कामासाठी निघालीच नव्हती. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत तीन फुगीर चाकांची एक गाडी आणली, ती मौजेसाठी. पुढे शेतकऱ्यांनी तिच्यावर चारा, कुंपणाचे खांब आणि लाकडे लादायला सुरुवात केली. तीन चाकांची गाडी वळणावर उलटे, माणसे दगावली, मुले दगावली, आणि अखेर १९८८ मध्ये तेथील सरकारी सुरक्षा आयोग आणि कंपन्या यांच्यात समझोता होऊन तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली. चार चाकी गाडी सुझुकीने १९८२ च्या सुमारास आणलेली होती, ती मात्र टिकली. सांगायचा मुद्दा असा की, जी गाडी ज्या कामासाठी बनली नाही त्या कामाला ती जुंपली की किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत गाडीचा मालक क्वचितच देतो.

आपल्या देशात अशा गाड्या बहुतेक रस्त्यावर चालवण्यास मान्य नाहीत. रिसॉर्टमध्ये, खाजगी मैदानावर चालतात तेवढेच. २०१९ मध्ये पोलारिस कंपनीने स्पोर्ट्समन ५७० नावाची एक गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा स्वरूपात भारतात विकायला काढली होती. किंमत त्या वेळी सुमारे आठ लाख रुपये होती. आठ लाखांत आपल्याकडे चांगला मोठा ट्रॅक्टर घरी येतो. बाभळीची लाकडे वाहून आठ लाख कधी वसूल होणार, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आम्हाला तो जमला नाही.

मग काहींनी दुसरी वाट काढली. जुन्या मोटारसायकलचे किंवा पाणी ओढण्याच्या पंपाचे इंजिन घ्यायचे, भंगारातला एक्सल घ्यायचा, चॅनल जोडायचे आणि गाडी तयार. उत्तरेकडे याला जुगाड म्हणतात. पण मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि त्याला मोटार वाहन कायदा लागू आहे असे सांगितले. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा, आणि या दोन्ही गोष्टी अशा गाडीला मिळत नाहीत. अशी गाडी कुणाच्या पायावरून गेली, तर चालवणारा अडकतो आणि त्याच्या मागोमाग बनवणाराही अडकतो. आमच्याकडे अशी मागणी आली की आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

तेव्हा उरतो तो मिनी ट्रॅक्टर. व्हीएसटी, महिंद्र, स्वराज, कुबोटा, कॅप्टन या कंपन्यांचे ११ पासून २४ हॉर्सपॉवरपर्यंतचे लहान ट्रॅक्टर आज मिळतात. पंधरा हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण ८०० किलो असते. तो पांदणीत वळतो, धुऱ्याच्या तोंडातून आत जातो, आणि विशेष म्हणजे तो गावात आधीच उभा आहे. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळाले आहेत. धानाची रोवणी आटोपली की त्यांतले अनेक उभेच असतात. आपल्या टालवाल्या बंधूंनी नवा ट्रॅक्टर विकत घेण्याच्या आधी या गटांकडे जाऊन बसावे. ट्रॅक्टर त्यांचा, ट्रॉली व कटर आपले, लाकूड शेतकऱ्याचे, अशी भागीदारी होऊ शकते. मात्र योजनेच्या अटी आधी वाचून घ्याव्यात आणि वाटणी कागदावर लिहून घ्यावी. तोंडी भागीदारीचे शेवट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता ट्रॉलीकडे वळू, कारण खरे भांडण येथे आहे.

सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच असा डाला धरला, तर ४८ घनफूट जागा होते. बाभूळ वाकडी, गाठीची. कितीही नीट रचली तरी अर्धी जागा पोकळच राहते. म्हणजे भरीव लाकूड २४ घनफूट. ओल्या बाभळीत वजनाचा ४० टक्के भाग पाणी धरले, तर हा डाला साडेसात क्विंटलच्या आसपास जातो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन अडीच क्विंटल. एकूण झाले दहा क्विंटल, म्हणजे १००० किलो. ओढणारा ट्रॅक्टर ८०० किलोचा. चढावर तो हे ओझे ओढून नेईल, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न उताराचा आहे. उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते. ट्रॅक्टरने ब्रेक मारला की मागचे जड ओझे त्याला बाजूला फिरवते आणि दोन्ही कोयत्याप्रमाणे मिटतात.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. काही हिवाळ्यांपूर्वी आम्ही एका गिऱ्हाइकाला अशीच ट्रॉली बनवून दिली. ब्रेक लावू का, असे विचारले होते. तो म्हणाला, शेतातच तर चालवायची आहे, ब्रेकचे पैसे कशाला? दुसऱ्या वर्कशॉपने ब्रेकशिवायचा दर सांगितला होता आणि काम हातचे जाईल ही भीती आमच्या मनात होती. आम्ही मान हलवली. नाल्याकडे उतरणाऱ्या पांदणीत ट्रॉलीने ट्रॅक्टरला आडवे केले. चालवणारा उडी मारून वाचला. मागे लाकडांवर बसलेल्या पोराचा पाय ट्रॉलीच्या दांड्यात आणि ट्रॅक्टरच्या चाकात सापडला. पोरगा आज चालतो, पण लंगडत चालतो. गिऱ्हाइकाने आम्हाला दोष दिला नाही. पोराच्या बापानेही दिला नाही, आणि हेच आम्हाला आजवर जड वाटते. ब्रेकचा खर्च ट्रॉलीच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. त्यानंतर ब्रेकशिवाय ट्रॉली आम्ही बनवली नाही.

ब्रेक लावणे अवघडही नाही. भंगारात जुन्या जीपचे एक्सल मिळतात, त्यांना ड्रम असतातच. लायनर नवे टाका, केबल नवी टाका. जुने लायनर घासून पुन्हा बसवणे हा खोटा काटकसरीपणा आहे. ट्रॉलीच्या दांड्यात एक नळी दुसऱ्या नळीत सरकेल अशी रचना करा. ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली पुढे रेटली, की आतली नळी दबते, दांडी सरकते आणि केबल ड्रमचा ब्रेक ओढते. ट्रॅक्टरवाल्याला काहीच करावे लागत नाही. रिव्हर्स घेताना हा ब्रेक आपोआप लागू नये म्हणून एक खीळ ठेवावी, आणि ती खीळ साखळीने बांधूनच ठेवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी ती बांधीत हरवते. याशिवाय हातब्रेकचा दांडा आणि चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे. ठोकळ्यांसाठी तर पैसेही लागत नाहीत!

एक्सल डाल्याच्या बरोबर मध्यावर बसवण्याची आपल्याकडे चाल आहे. तसे करू नये. मध्यापासून सहा ते आठ इंच मागे बसवावा, म्हणजे ओझ्याचा साधारण दहावा भाग ट्रॅक्टरच्या आकडीवर येतो आणि ट्रॉली डोलत नाही. त्याहून मागे नेला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. मिनी ट्रॅक्टरच्या पुढे कंपनीची वजने लावून घ्यावीत. दांड्याचा डोळा फिरता ठेवावा. ट्रॉली धुऱ्यावरून कलंडली तर ती एकटी कलंडते, ट्रॅक्टरला सोबत घेऊन जात नाही. एवढ्या एका फिरत्या डोळ्याने माणूस वाचतो. डाल्याच्या पुढच्या बाजूला, चालकाच्या पाठीमागे, छातीएवढी उंच जाळी असावी. बाजूंना फळ्या न लावता काढता येणारे खुंट लावावेत. खुंट काढले की लाकडे एका बाजूने लोटून देता येतात आणि गड्याची कंबर वाचते.

टायरविषयी एक गंमत सांगतो. आमच्याकडे एकाने चित्रातल्यासारखे रुंद, मऊ टायर हौसेने मागवले. पहिल्याच दिवशी बाभळीच्या वाळल्या काट्यांनी त्यांची चाळण केली. दोन-तीन इंचांचा तो काटा, बैलबंडीच्या लोखंडी धावेला त्याचे काय! रबराला मात्र तो सोडत नाही. जाड प्लायचे ट्रॉलीचे टायर, आत ट्यूब, ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारे द्रव, आणि सोबत एक जादा ट्यूब व हातपंप. हवा थोडी कमी ठेवली तर ओल्या बांधीत चाक कमी रुतते, पण रस्त्यावर येताच पुन्हा भरावी लागते, म्हणून पंप.

ओंडके ओढण्यासाठी पुढे विजेवर चालणारे यंत्र लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. मिनी ट्रॅक्टरची लहान बॅटरी त्यापुढे टिकत नाही. गॅरेजमध्ये वापरतात ती चेनपुली पुरेशी आहे. ओंडका साखळीने ओढायचा असेल, तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. वरच्या लिंकला किंवा सीटखालच्या दांड्याला बांधली आणि ओंडका बुंध्याला अडकला, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि चालकावर मागे उलटतो. यास एक-दोन सेकंदच लागतात, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

लाकूड कापण्याबद्दल. चेन सॉ, ज्याला आपल्याकडे सगळे कटर म्हणतात, आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. सोळा-अठरा इंचांची पट्टी बाभळीला पुरते. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे ते कंपनीच्या पुस्तकात पाहावे. चांगले टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतणाऱ्यांचे पिस्टन आम्ही उघडून पाहिले आहेत. बाभूळ कडक, सालीत माती. चेन लवकर बोथट होते. गोल कानस खिशातच असावी. ३/८ पिचच्या चेनला ५.२ मिलिमीटरची आणि .३२५ पिचला ४.८ ची कानस लागते. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की समजावे, चेनला धार नाही. बोथट चेनवर जोर देणारा माणूस थकतो, आणि थकलेल्याच्या हातून पट्टीचे वरचे टोक लाकडाला लागते. मग कटर उसळून तोंडावर येतो. म्हणून चेन ब्रेक चालू आहे की नाही हे रोज सकाळी पाहावे. डोळ्यांवर जाळी, पायात बूट, आणि गळ्यातला दुपट्टा काढून ठेवावा. कटर भाड्याने देणाऱ्यांनी हे सामान सोबतच द्यावे. त्याचे वेगळे भाडे लावले तर कोणी घेत नाही.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर गोल आरा बसवून शेतातच तुकडे करण्याची टूम निघाली आहे. आम्ही तिच्या विरोधात आहोत, आणि कारणे दोन. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कुडत्याचे टोक अडकले तर हाक मारण्याआधी हात गेलेला असतो. दुसरे कारण कायद्याचे. १९९६ च्या गोदावर्मन खटल्यापासून आरागिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाची नजर आहे, आणि परवान्याशिवाय यंत्रावरची आरागिरणी चालवता येत नाही. ट्रॅक्टरवरचा आरा म्हणजे आरागिरणी होय की नाही, हा वाद आपली गाडी जप्त झाल्यानंतर घालण्यात काय अर्थ? वनखात्याला आधी लेखी विचारावे, लेखी उत्तर येईपर्यंत घण आणि पाचर बरी.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, बिजा, हळदू, तिवस, हिरडा, फणस, चंदन अशी सोळा झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या अनुसूचीत नाही. म्हणून काहीजण समजतात की बाभळीला कागदच लागत नाही. तोडणे वेगळे आणि वाहतूक वेगळी. वाहतुकीच्या परवान्यातील सवलत झाडाच्या जातीनुसार आणि जिल्ह्यानुसार ठरते, तेव्हा आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच गाडी भरावी. २९ डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय ट्रान्झिट पासची ऑनलाइन व्यवस्थाही देशभर सुरू झाली आहे. शेतकऱ्याचा सातबारा, त्याच्या सहीची विक्रीची चिठ्ठी आणि तोडलेल्या बुंध्याचा फोटो एवढे तर प्रत्येक खेपेला सोबत असावेच.

यापेक्षाही मोठा धोका झुडपी जंगलाचा आहे. आपल्या पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत, त्यांत भंडारा आला, महसूल दप्तरी झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन आहे, सुमारे ८६ हजार हेक्टर. पाहायला ते माळरान दिसते. गुरे चरतात, काट्या उभ्या असतात, विचारणारे कोणी नसते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच आहे. तेव्हा "पडीक जागा होती, साहेब" हे उत्तर आता चालणार नाही. धुरा संपून झुडपी कोठे सुरू होते, ते तलाठ्याच्या नकाशावर पाहून घ्यावे. कोका अभयारण्य, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या कडेला काम असेल, तर सूर्य उतरण्याआधी कटर बंद करावा, एकट्याने जाऊ नये. तेथे वन्यजीव कायदा आहे आणि वाघही आहे.

योगायोग असा की, कलम ५२ आपल्या धंद्यात दोनदा येते. भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम ५२ जप्तीचे आहे. चोरीचे लाकूड ज्या गाडीत सापडले ती गाडी, हत्यारांसह, आणि आपल्या राज्यात पुढे कलम ६१-अ खाली ती सरकारजमाही होऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत परस्पर फेरबदल करण्यास मनाई करणारे आहे. पहिले कलम टालवाल्याने पाठ करावे, दुसरे वेल्डरने.

आणखी एक गोष्ट विम्याची. शेतीचा ट्रॅक्टर नियमांप्रमाणे बिगर-वाहतूक वाहन धरला जातो. तो भाड्याने माल वाहू लागला आणि अपघात झाला, की विमा कंपनी हात वर करते. यावर आमचा तोडगा साधा आहे. शेतकऱ्याचे लाकूड मिनी ट्रॅक्टरने शेतातून फक्त रस्त्याच्या तोंडापर्यंत आणावे. तेथे रचून ठेवावे. तेथून टालापर्यंत छोटा हत्ती किंवा तशीच वाहतूक परवान्याची मालगाडी लावावी. ट्रॉली शेतात चालणारी असली तरी गावरस्ता ओलांडतेच, म्हणून तिचीही नोंदणी करून घ्यावी, मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. अंधारात विनादिव्याच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळण्याच्या बातम्या आपण वाचतोच. मिनी ट्रॅक्टर घेऊन भंडारा ते साकोली हमरस्त्यावर लाकडे वाहणे तर केवळ वेडेपणा आहे.

रस्त्याच्या तोंडाशी रचून ठेवण्यात दुसराही फायदा आहे, आणि व्यापाऱ्यांना तो पटावा. वर सांगितलेल्या डाल्यातले साडेसात क्विंटल ओले लाकूड फोडून, जमिनीपासून वीतभर उचलून रचले आणि उन्हाळाभर वाळू दिले, तर पाणी २० टक्क्यांवर येते आणि वजन पावणेसहा क्विंटलच्या आसपास राहते. म्हणजे पावणेदोन-दोन क्विंटल पाणी आपण छोट्या हत्तीत भरून, डिझेल जाळून टालावर नेत होतो. काही बंधू येथे हसतील आणि म्हणतील, पाण्याचेही पैसे मिळतात ना! मिळतात, एकदा मिळतात. भटारी ओले लाकूड एकदा घेतो, देगीखाली धूर होतो, पाहुणे बसलेले असतात, आणि पुढच्या लग्नाला तो दुसऱ्या टालावर जातो. वाळलेल्या लाकडाला क्विंटलमागे जास्त दर मागावा आणि का मागतो ते गिऱ्हाइकाला सांगावे. ज्यांनी हे केले, त्यांच्याकडे वीटभट्टीवाले आगाऊ पैसे ठेवून जातात, हे आम्ही पाहिले आहे.

शेतकऱ्याशी वागतानाही थोडा लांबचा विचार हवा. बाभूळ मुळासकट काढली की धुरा ढासळतो, आणि पुढच्या वर्षी तेथून काहीच मिळत नाही. फांद्या घ्याव्यात. सावली कमी झाली की धानालाही बरे, म्हणून शेतकरी स्वतःच बोलावतो.

राहता राहिला आपला, म्हणजे वर्कशॉपवाल्यांचा प्रश्न. एक जण ब्रेक, जाळी आणि फिरता डोळा धरून दर सांगतो, शेजारचा तेच वगळून कमी दर सांगतो, आणि काम शेजाऱ्याला जाते. हे किती दिवस चालणार? भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी येथे ट्रॉल्या बनवणारी वर्कशॉपे एकमेकांना नावाने ओळखतात. एका दुपारी एकत्र बसून एवढेच ठरवावे की ब्रेकशिवायच्या ट्रॉलीचा दर कोणीच सांगायचा नाही. दर ज्याचा त्याने ठेवावा, मजुरी ज्याची त्याने घ्यावी. फक्त वगळायच्या यादीत ब्रेक नसावा. गिऱ्हाईक चार ठिकाणी फिरेल आणि चारही ठिकाणी ब्रेकसहच दर ऐकेल, मग तो देतो. ज्यांच्याकडे भांडवल कमी आहे त्या लोहार बांधवांनी २०२३ ची विश्वकर्मा योजना पाहावी. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आहे, आणि कर्ज घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न.

धानकापणी संपून बांध्या कोरड्या होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. उन्हाळी धानाच्या पट्ट्यात, कालव्याखाली, जमीन त्यानंतरही ओलीच असते, तेथे आधी चालून पाहावे. म्हणून ट्रॉलीचे काम दिवाळीच्या आत सांगितलेले बरे. आमच्याकडे यंदा दोन ट्रॉल्यांचे काम आहे. त्यांतले एक गिऱ्हाईक परवा पुन्हा विचारून गेले, ब्रेक काढला तर किती कमी होतील. आम्ही त्याला त्या पांदणीवर नेऊन आणले.